पिठाला लागलेले किडे

श्रोतेहो, आज मी आपल्याशी एका जुन्या इंग्रजी पुस्तकाविषयी बोलणार आहे. पुस्तक अमेरिकेतले, हकीकत न्यूयॉर्क शहरातली आणि विषय अफूपासून होणाऱ्या विषाच्या चोरट्या व्यापाराचा. आपण म्हणाल, "हे आम्हांला कशाला? आमच्या गावात ना न्यूयॉर्क, ना अफू." खरे आहे. पण थोडा धीर धरा. ही गोष्ट एका शेतात सुरू होते आणि पिठाच्या पिशवीपाशी येऊन थांबते. शेत आणि पीठ या दोन्ही गोष्टी आपल्या चांगल्या ओळखीच्या आहेत.

पुस्तकाचे नाव 'द फ्रेंच कनेक्शन'. मराठीत 'फ्रान्सचा धागा' म्हणू या. लेखक रॉबिन मूर. १९६९ साली ते प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी, १९७१ साली, त्यावर चित्रपट निघाला, त्याला पाच ऑस्कर पारितोषिके मिळाली आणि पुस्तकाचे नाव जगभर झाले. मी कॉलेजात शिकत असताना पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात ते मला मिळाले. मुखपृष्ठ फाटलेले, पाने पिवळी पडलेली. पण हाती घेतले ते एका रात्रीत संपवूनच खाली ठेवले. पुढे मी तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवू लागलो. पावसाळ्यात दुपारच्या तासाला मुले पेंगू लागली, की मी ही गोष्ट काढीत असे. परदेशी मोटार, आगबोट, पोलिसांचा पाठलाग! मुले ताठ बसत. मला वाटे, आपण मोठे छान शिकवतो.

दोन वर्षांपूर्वी एस.टी. स्टँडवर एक जुना विद्यार्थी भेटला. आता तो घरची शेती बघतो. चहा घेता घेता त्याने सांगितले, की त्याचा धाकटा भाऊ मुंबईला कामाला गेला आणि तिथे त्याला गर्दची सवय लागली. भावाला घरी आणले, उपचार चालू आहेत, पण त्यापायी दोन एकर जमीन गहाण पडली आहे. मग तो म्हणाला, "सर, तुम्ही ती फ्रान्सच्या मोटारीची गोष्ट सांगायचात ना? अजून आठवते मला." मला बरे वाटले. पण तो पुढे म्हणाला, "त्यात ती पावडर घेणारा कुणी होता का हो? म्हणजे, ज्याच्यासाठी ती आणली होती, तो?"

मला उत्तर देता आले नाही. बस लागली, तो निघून गेला. घरी आलो, माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि पुस्तक पुन्हा वाचायला बसलो. त्या दुसऱ्या वाचनाची ही हकीकत आहे.

आधी मूळ गोष्ट थोडक्यात सांगतो. ७ ऑक्टोबर १९६१, शनिवारची रात्र. न्यूयॉर्क पोलिसांच्या मादक पदार्थविरोधी शाखेतले दोन डिटेक्टिव्ह, एडी ईगन आणि सनी ग्रोसो, काम आटोपून कोपाकबाना नावाच्या एका बड्या नाइटक्लबात जाऊन बसले होते. तिथे एक तरुण माणूस पाण्यासारखा पैसा खर्च करीत होता, आणि भोवतालची बदनाम मंडळी त्याच्याशी मोठ्या अदबीने वागत होती. दोघा पोलिसांच्या मनात पाल चुकचुकली. क्लबातून तो निघाला तसे हे त्याच्या मागावर निघाले. रात्रभर शहरात फिरून पहाटे हा गृहस्थ ब्रुकलिन भागात आला. आणि तिथे त्याने काय करावे? एक लहानसे दुकान उघडले आणि सकाळच्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे लावायला सुरुवात केली! कॉफी, सँडविच आणि पेपर विकणारे साधे दुकान. रात्री नवाब आणि पहाटे पेपरवाला. या माणसाचे नाव पॅट्सी फुका.

मग सुरू झाली ती पाळत. एक-दोन दिवसांची नव्हे, जवळजवळ चार महिन्यांची. दुकानासमोर एक रुग्णालय होते, तिथे बसून टेहळणी केली. टेलिफोनवरची बोलणी ऐकली. न्यूयॉर्कच्या हाडे गोठवणाऱ्या थंडीत रस्त्याच्या कोपऱ्यांवर उभे राहून रात्री काढल्या. यातून हळूहळू कळले, की फ्रान्सहून मोठा माल येणार आहे. जानेवारी १९६२ मध्ये फ्रेंच पाहुणे न्यूयॉर्कमध्ये दिसू लागले. ज्याँ जेहान नावाचा उंच, वयस्क, रुबाबदार म्होरक्या. फ्रान्स्वा स्काग्लिया नावाचा त्याचा साथीदार. आणि जाक आंजेल्व्हाँ. हा तर फ्रान्सच्या टेलिव्हिजनवर कार्यक्रम सादर करणारा माणूस, घरोघरी ओळखीचा चेहरा. त्याने बोटीतून आपल्याबरोबर एक ब्यूइक मोटार आणली होती. 'युनायटेड स्टेट्स' नावाची ती प्रख्यात आगबोट. प्रसिद्ध माणसाची मोटार कोण उकलून बघणार? त्या मोटारीच्या पत्र्याआडच्या पोकळ्यांत हेरॉइन भरलेले होते.

त्याच महिन्यात धरपकड झाली. फुकाच्या नातलगांच्या तळघरांतून माल निघाला. एकूण ११२ पौंड, म्हणजे सुमारे ५१ किलो. आपल्या हिशेबाने सिमेंटचे एक पोते. फुका, स्काग्लिया, आंजेल्व्हाँ यांना शिक्षा झाल्या. जेहान मात्र निसटला. अमेरिकेच्या हाती तो पुढेही लागला नाही. तरीही विजय मोठा होता. एवढे हेरॉइन एका वेळी सापडणे ही साधी गोष्ट नव्हती. पुस्तक त्या विजयाच्या सुरात संपते, आणि मीही वर्गात तिथेच थांबत असे.

आता दुसऱ्या वाचनाला काय दिसले ते सांगतो. पहिली गोष्ट ही, की मोटारीत माल भरण्यापूर्वीचे पुस्तकात फार थोडे आहे. पन्नास किलो पांढरी पूड काही आकाशातून पडत नाही. ती कोणाच्या तरी शेतात उगवलेली असते.

ते शेत तुर्कस्तानात होते. त्या देशात अफ्योनकाराहिसार नावाचा एक जिल्हा आहे. 'अफ्योन' म्हणजेच आपली अफू. आपला शब्द आणि त्यांचा शब्द एकाच कुळातला. तिथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खसखस पेरीत आला. दिवाळीला अनारशांना आपण लावतो तीच खसखस. बी खायचे, तेल काढायचे, पाने भाजीला, ताटे जनावरांना. बोंड कच्चे असताना त्याला चीर दिली, की पांढरा चीक पाझरतो. रात्रभरात तो काळसर आणि घट्ट होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरवडून घेतात. ही अफू. दुखण्यावरची औषधे करण्यासाठी ती सरकार विकत घेई, आणि भाव सरकार ठरवी. आता बघा. आपल्याकडे लेव्हीच्या दिवसांत सरकारला ज्वारी घालावी लागे, हे वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. सगळी ज्वारी सरकारी काट्यावर जाई काय? तुर्कस्तानातही तसेच. सरकारी भावापेक्षा अधिक पैसे देणारा व्यापारी रात्री दाराशी आला, की थोडा चीक कागदावर न चढता त्याच्या थैलीत जाई.

या थोड्या थोड्या चिकाची बेरीज फार मोठी होते. दहा किलो अफूतून साधारण एक किलो मॉर्फिन निघते आणि त्यापासून जवळपास तेवढेच हेरॉइन होते. म्हणजे त्या मोटारीतल्या मालासाठी सुमारे पाच क्विंटल अफू लागली असणार. कच्चे मॉर्फिन जहाजांतून फ्रान्सच्या मार्सेय बंदराकडे जाई. तिथे कोर्सिका बेटाकडच्या टोळ्यांचे राज्य होते. शहराबाहेरच्या बंगल्यांत त्यांच्या छुप्या रसायनशाळा चालत. जो सेझारी नावाचा त्यांचा एक रसायनकार शुद्ध माल करण्यात एवढा तरबेज, की त्याच्या पुडीला बाजारात वेगळा मान होता. १९६४ साली तो पकडला गेला, सुटून आल्यावर १९७२ साली पुन्हा पकडला गेला, आणि तुरुंगातच त्याने गळफास लावून घेतला. ज्याच्या हातच्या मालावर इतर लोक कोट्यधीश झाले, त्याचा शेवट हा असा.

आणि हेरॉइन तरी मूळचे काय? १८९८ साली एका जर्मन औषध कंपनीने ते खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले होते. बायर तिचे नाव. त्याची सवय जडते, हे ध्यानात यायला फार वर्षे लागली नाहीत. १९१३ साली कंपनीने ते काढणे थांबवले आणि १९२४ साली अमेरिकेने त्यावर पुरती बंदी घातली. पण एकदा लागलेली तहान कायद्याने आटत नाही. जे दुकानात मिळेना ते गल्लीत मिळू लागले.

या साखळीत प्रत्येकाच्या हाती काय आले? चीर देणाऱ्या शेतकऱ्याला सरकारी भावाहून चार पैसे अधिक. मध्यस्थाला त्याहून जास्त. आणि न्यूयॉर्कच्या गल्लीत पोहोचेपर्यंत त्याच मालाची किंमत कैक पटींनी वाढलेली. जो जमिनीच्या सर्वांत जवळ, त्याच्या पदरात सर्वांत कमी. हा हिशेब आपल्या कांद्या-टोमॅटोला लागू आहे, तसाच अफूलाही आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पकडलेल्या मालाचे पुढे काय झाले?

आपल्याकडे पोलिसांनी काही जप्त केले की पंचनामा होतो, सील लागते आणि वस्तू मुद्देमालाच्या खोलीत जाते. न्यूयॉर्कमध्येही तेच झाले. हेरॉइन मोहोरबंद होऊन पोलिसांच्या मुद्देमाल कचेरीत गेले. पुस्तक छापले गेले, चित्रपट निघाला, ईगन आणि ग्रोसो यांनी त्यात लहान भूमिकाही केल्या. सगळे जग वाहवा करीत होते, आणि त्याच सुमाराला त्या कचेरीतल्या फळीवर काही वेगळेच चालले होते. १९७२ साली तिथल्या लोकांच्या ध्यानात आले, की पिशव्यांना किडे लागले आहेत.

गेल्या पावसाळ्यात मी वर्गात ही गोष्ट पुन्हा सांगितली. 'पिशव्यांना किडे लागले' एवढे म्हणून मी थोडा थांबलो. तशी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, असल्या पावडरला किडे कसे लागतील? पीठ असणार ते."

अगदी बरोबर! जी गोष्ट न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याला किडे दिसेपर्यंत कळली नाही, ती आमच्या तालुक्यातल्या मुलीने क्षणात ओळखली. कारण पावसाळ्यात घरचे पीठ तीच चाळते. पिशव्यांत पीठ आणि मक्याचे पिठूळ भरून ठेवले होते. खरा माल कधीच गेला होता. आणि तो भिंत फोडून नेलेला नव्हता. न्यायालयात पुराव्यासाठी न्यायचा म्हणून रीतसर वहीत नोंद करून, खोट्या सह्या ठोकून तो बाहेर काढला होता. केवळ या एका खटल्यातला नव्हे, तर इतर खटल्यांतलाही. एकूण तीनशे पौंडांहून अधिक हेरॉइन आणि कोकेन, किंमत सुमारे सात कोटी डॉलर. म्हणजे चार महिने थंडीत उभे राहून ज्यांनी तो माल शहरात शिरू दिला नव्हता, त्यांच्याच खात्याच्या दारातून तो शहरात गेला. कुंपणच शेत खाते म्हणतात, ते हे.

माझी खात्री आहे, की ईगन आणि ग्रोसो यांनी त्या चार महिन्यांत काढलेले कष्ट खरे होते. ते खोटे ठरवण्याचे कारण नाही. पण पुस्तक वाचताना आपल्याला वाटते, की दोन धाडसी माणसे असली की काम फत्ते. प्रत्यक्षात त्या धाडसाची राखण कोणाच्या हाती होती? वही लिहिणाऱ्या कारकुनाच्या. त्याने सही पडताळून पाहिली असती, नेलेला माल परत आला तेव्हा एक पुडी तपासून घेतली असती, वर्षातून एकदा सगळ्या फळ्यांची मोजदाद झाली असती, तर किड्यांची वाट पाहावी लागली नसती. पण वही तपासणाऱ्या माणसावर कोणी पुस्तक लिहीत नाही, आणि चित्रपट तर नाहीच नाही.

हे प्रकरण एकटे नव्हते. न्यूयॉर्क पोलिसांतल्या लाचलुचपतीची चौकशी करण्यासाठी तिथले नगराध्यक्ष जॉन लिंडसे यांनी १९७० साली नॅप आयोग नेमला होता. फ्रँक सर्पिको नावाच्या एका पोलीस अधिकाऱ्याने वरिष्ठांच्या खेटा घालून, शेवटी वर्तमानपत्रापुढे जाऊन तोंड उघडले, त्याचे हे फळ. पुढे मादक पदार्थांच्या तपासासाठी नेमलेल्या खास तुकडीतल्या अनेक अधिकाऱ्यांवर खटले भरले गेले. व्यापारच असा, की त्याच्या जवळ जाणाऱ्याला धक्का लागतोच. पन्नास किलोच्या एका पोत्यात एवढा पैसा असला, तर त्यावर पहारा करणाऱ्या माणसाच्या पगाराचा आणि मनाचा दोहोंचा कस लागतो.

आपल्या देशाने यातून काही धडा घेतला काय? कागदावर तरी घेतला आहे. आपल्याकडे मादक पदार्थांविरुद्धचा कायदा १९८५ साली झाला. १९८९ साली त्यात '५२ अ' नावाचे कलम घालण्यात आले. जप्त केलेला माल वर्षानुवर्षे खोलीत ठेवू नये, मॅजिस्ट्रेटसमोर यादी करून आणि नमुने काढून बाकीची लवकर विल्हेवाट लावावी, अशी त्यात सोय आहे. त्याची कारणे सांगताना कलमात चोरीचा आणि मालाच्या अदलाबदलीचाही उल्लेख आहे. किड्यांची गोष्ट दिल्लीपर्यंत पोहोचली होती की नाही, हा प्रश्न सोडून द्या. धोका तोच ओळखला गेला. कलम चांगले आहे. ते पाळणे, न पाळणे हे अखेर त्या त्या ठाण्यातल्या वहीवर आहे.

आता व्यापाराचे काय झाले ते बघू. अमेरिकेने तुर्कस्तानावर दडपण आणले. १९७१ साली तुर्कस्तानने खसखशीच्या पिकावर बंदी जाहीर केली, आणि शेतकऱ्यांच्या भरपाईसाठी अमेरिकेने सुमारे साडेतीन कोटी डॉलर देऊ केले. पण खसखस हे त्या शेतकऱ्याच्या घरचे तेल होते, भाजी होती, बैलाची वैरण होती. १९७४ साली ती बंदी उठली. मात्र या वेळी त्यांनी शहाणपणाची वाट काढली. बोंडाला चीर द्यायचीच नाही, असा नियम केला. बी शेतकऱ्याने घ्यावे आणि वाळलेली बोंडे सरकारी कारखान्याने घ्यावीत. चीकच निघत नाही, मग चोरणार काय? बोल्वादिन या गावी त्याचा मोठा कारखाना उभा राहिला. शेतकऱ्याचे पीक राहिले आणि चोरवाट बंद झाली. मला विचाराल तर या सगळ्या हकीकतीत खरी हुशारी कोणी दाखवली असेल, तर ती या साध्या नियमाने.

इकडे मार्सेयच्या टोळ्या १९७२-७३ च्या सुमाराला मोडल्या. पण न्यूयॉर्कच्या गल्लीत पुडी मिळणे थांबले नाही. ती मेक्सिकोहून येऊ लागली, आग्नेय आशियातून येऊ लागली. १९८० नंतर पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या बाजूने कच्चे, तपकिरी हेरॉइन मुंबईत उतरू लागले. त्यालाच 'ब्राउन शुगर' म्हणतात आणि त्याचेच आपल्याकडे नाव पडले 'गर्द'. अलीकडचेच बघा. २०२२ साली अफगाणिस्तानात तालिबान सरकारने खसखशीवर बंदी घातली, आणि २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत अफूच्या उत्पादनात म्यानमार पहिला ठरला. बांधावरचा एक चर बुजवला, की पाणी दुसरीकडून फुटते. शेतात पाणी धरणाऱ्याला हे सांगायला नको. ते फुटते, कारण खाली कुठेतरी ओढणारा उतार असतो.

तो उतार म्हणजे घेणारा माणूस. आणि येथे मी माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाशी येऊन पोहोचतो. पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुन्हा वाचले. व्यसनी माणूस त्यात येतो तो बहुतेक खबऱ्या म्हणून, नाहीतर झडती घेण्यापुरता. त्याला घर नाही, आई नाही, गहाण पडलेली जमीन नाही. फुकाचे कपडे कसे होते, जेहानची चाल कशी होती, हे मला पाठ होते. ज्याच्यासाठी ते पोते समुद्र ओलांडून आले, त्या माणसाचा चेहरा मात्र पुस्तकात नव्हता, आणि माझ्या वर्गातल्या गोष्टीतही नव्हता.

तो चेहरा ज्या पुस्तकात आहे, ते मराठीत आहे. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांत हिंडून लेख लिहिले, आणि त्यांचे 'गर्द' हे पुस्तक झाले. ते लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. डॉ. सुनंदा अवचट यांनी ते उभे केले. बाई १९९७ साली गेल्या, डॉ. अवचट २०२२ साली गेले, पण मुक्तांगणचे काम चालू आहे. दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून बघा. एकात पुडीचा प्रवास आहे, मोटारीपर्यंतचा. दुसऱ्यात तीच पुडी घरात शिरल्यावर भांडी कशी विकली जातात, बाप मुलाशी बोलणे कसे टाकतो, आणि तो मुलगा पुन्हा माणसांत कसा येतो, ते आहे. पहिले पुस्तक वाचून आपण मोठे सुस्कारे टाकतो आणि दिवा मालवून झोपतो. दुसऱ्याने लोकांना उठवले आणि एक दवाखाना उभा राहिला.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हांला एक विनंती आहे. मुलांना गुन्हेगारीच्या गोष्टी सांगू नका, असे मी म्हणणार नाही. आपण सांगितल्या नाहीत तरी आज मुलांच्या हातातल्या मोबाइलवर तशाच मालिका आहेत, आणि त्यांत तस्कराचा चष्मा, तस्कराची मोटार आणि तस्कराचे बोलणे मोठे झोकात दाखवतात. तेव्हा गोष्ट सांगाच. पण ती संपल्यावर मुलांना तीन प्रश्न विचारा. हा माल उगवणाऱ्याला किती मिळाले? पकडलेल्या मालाचे पुढे काय झाले? आणि तो घेणारा माणूस गोष्टीत कुठे आहे? मी हल्ली असे विचारतो. दहा किलोचा एक किलो, हे गणित फळ्यावर मांडतो. मुले पहिल्यासारखी ताठ बसतात. फरक एवढाच, की तास संपल्यावर पूर्वी ती मोटारीचे नाव विचारीत, आता एखादा मुलगा मागे रेंगाळतो आणि शेजारच्या कुणाविषयी, कधी घरातल्याच कुणाविषयी हळूच काही सांगतो. तेव्हा उपदेश करू नये. ऐकून घ्यावे, त्याच्या घरी जावे, आणि उपचार होतात, हे सांगावे. व्यसन हा आजार आहे. त्यातून माणसे उठतात, पुन्हा घसरतात, पुन्हा उठतात. घसरला म्हणजे संपला, असे घरच्यांना वाटू देऊ नये.

तो जुना विद्यार्थी गेल्या संक्रांतीला पुन्हा भेटला. तिळगूळ देता देता मी त्याला म्हणालो, "तू विचारलेस ना रे, त्या पुस्तकात पावडर घेणारा कुणी होता का? नव्हता. मी पुन्हा वाचून पाहिले." तो हसला. म्हणाला, "मला वाटलेच होते, सर." भाऊ कसा आहे, असे विचारले. म्हणाला, मध्ये एकदा बिघडला होता, पुन्हा दाखल केले, आता सहा महिने झाले, बरा आहे. सकाळी गोठ्यातले काम तोच बघतो.

श्रोतेहो, आपल्या गावात न्यूयॉर्क नाही, हे खरे. पण मुंबईला कामाला गेलेली मुले प्रत्येक गावात आहेत. आणि पिठाचा डबा उघडून पाहणारी माणसेही प्रत्येक घरात आहेत. ती सवय ठेवू या.